निर्वासित पोरांना रानात न्यायचंय? मग दोर आधी घरी ठेवा

गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत तिघांनी वेगवेगळं येऊन एकच विचारलं, की तुम्ही शनिवारी त्या निर्वासित मुलांना जंगलात घेऊन जाता ना, आम्हालाही यायचंय, आम्ही सह्याद्रीत भरपूर ट्रेक केलेत, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय, रॅपलिंग येतं, स्वतःचा दोर पण आहे. प्रत्येकाला तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाचं लिहूनच काढते म्हटलं.

मी मूळची कोल्हापूरची, आता श्टुटगार्टजवळ राहते, सहा वर्षं या कामात आहे. डॉक्टर नाही, थेरपिस्ट तर नाहीच, सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. तेव्हा हे तज्ज्ञाचं लिखाण नाही, हात पोळलेल्या बाईचं आहे असं समजून वाचा. जर्मनीबाहेर असाल तर कागदपत्रांचा भाग तुमच्या देशाप्रमाणे बदलेल, बाकीचं बरंचसं लागू पडेल.

आधी डोक्यातला ट्रेक काढा

माझ्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. श्वेबिशे आल्ब या इथल्या डोंगररांगेच्या पायथ्याशी आम्ही आठ पोरं घेऊन चाललो होतो. इथे रानाच्या कडेला शिकाऱ्यांची मचाणं असतात, चार उंच लाकडी पाय, वर पेटीसारखी खोली, तिला एक आडवी फट आणि खाली शिडी. मी उत्साहाने म्हटलं, बघा बघा, मचाण! एक नऊ-दहा वर्षांचा सीरियन मुलगा जागच्या जागी थांबला, धाकट्या बहिणीच्या जॅकेटची टोपी मागून धरली आणि तिला ओढत झुडपाच्या मागे नेऊन खाली बसवलं. आवाज नाही, रडणं नाही, एखादी रोजची सवयीची गोष्ट करावी तसं. त्याला ते मचाण दिसलंच नव्हतं, पहाऱ्याचा मनोरा दिसला होता. पंधरावीस मिनिटं आम्ही तिथेच बसून राहिलो, मग मागे फिरलो.

त्या दिवशी मला कळलं की आपण ज्याला ॲडव्हेंचर म्हणतो ते या पोरांचं आधीच करून झालंय. रात्री जंगलातून चालणं, पावसात उघड्यावर झोपणं, ओढे ओलांडणं, रबरी बोटीतून एजियन समुद्र पार करणं, हे सगळं त्यांनी केलंय आणि आपल्यापेक्षा जास्त केलंय. त्यात फक्त एक गोष्ट नव्हती, नको म्हणायची सोय. किती अंतर राहिलंय ते कुणी सांगत नव्हतं आणि मागे फिरायची मुभा नव्हती. म्हणून आपलं काम थरार देणं नाही. तेच रान, तीच वाट, तोच अंधार, पण या वेळी थांब म्हटलं की सगळे थांबतात, एवढंच त्यांना परत परत अनुभवायला द्यायचं. खाली जे लिहिलंय ते सगळं यातूनच आलंय.

थोडं विषयांतर करते, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. रानातल्या अनुभवाला औषध मानणारा कुर्ट हान हा माणूस स्वतःच निर्वासित होता. इथून जवळच, बोडनसे तळ्यापाशी सालेमची शाळा तो १९२० पासून चालवायचा, हिटलरच्या विरोधात बोलला म्हणून १९३३ मध्ये अटक झाली, सुटल्यावर ब्रिटनला गेला, १९३४ मध्ये स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन शाळा काढली आणि १९४१ मध्ये वेल्समधल्या ॲबरडोव्हीला पहिली आउटवर्ड बाउंड शाळा. एर्लेब्निसथेरापी, म्हणजे अनुभवातून उपचार, हा शब्द त्याचाच. आणि कोल्हापूरकरांना तर लांब जायचीच गरज नाही. वळिवड्याच्या छावणीत १९४३ पासून साधारण पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं, सायबेरिया-कझाकस्तानात हद्दपार केलेली, तिथून इराणमार्गे आलेली. तिथे शाळा होत्या, स्काउट-गाईडची पथकं होती, शेकोट्या व्हायच्या, पन्हाळ्याला सहली जायच्या. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे, मी लहानपणी त्याच्यासमोर भेळ खाल्लीय, पण ते कशाचं आहे हे कळायला मला जर्मनीत यावं लागलं.

पायरी १: थेरपी हा शब्द जपून वापरा

आपण थेरपी करत नाही. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे प्रशिक्षित ट्रॉमा थेरपिस्ट जी करतो ती, त्यात रानाचा वापर असू शकतो, पण डोकं आणि जबाबदारी त्याची. दुसरी म्हणजे एर्लेब्निसपेडागोगिक, रानातल्या अनुभवातून शिकवणं, त्यालाही शिकलेली माणसं असतात, आपण त्यांचे हरकामे. खरी थेरपी मिळायला वेळ लागतो, कारण आश्रय मागणाऱ्यांना पहिले ३६ महिने मर्यादितच वैद्यकीय सेवा मिळते (२०२४ च्या फेब्रुवारीपर्यंत हे १८ महिने होतं) आणि श्टुटगार्ट किंवा म्युनिकच्या रेफुजिओसारखी निर्वासितांसाठीची जी उपचार केंद्रं आहेत तिथे रांगा असतात. म्हणून लोकांना वाटतं की तोवर आपणच थोडं करूया. नाही करायचं. मूल बोलायला लागलं तर ऐकायचं, खोदायचं नाही.

हे खोदायचं नाही आपल्या लोकांना फार जड जातं. आपला स्वभावच आहे, ओळख झाली की गाव कुठलं, घरी कोण कोण असतं, बाबा काय करतात. आपल्यात ही माया असते, पण या पोरांना हेच प्रश्न सरकारी मुलाखतीत विचारलेले असतात, कुठून आलात, कुठल्या वाटेने, सोबत कोण होतं, तारीख काय. आणि बाबा या शब्दापुढे काय आहे ते आपल्याला माहीत नसतं. माझा नियम साधा आहे, पहिले तीन महिने भूतकाळाचा एकही प्रश्न नाही. भूक लागलीय का, पाय दुखतोय का, ही काठी तुला हवी का, एवढेच प्रश्न.

पायरी २: एकट्याने नाही, आणि कागद आधी

स्वतःचा ग्रुप काढून पोरं गोळा करू नका, कितीही चांगलं मन असलं तरी. गावातल्या आर्बाइट्सक्राइस आझ्युल किंवा फ्रॉइंडेसक्राइस आझ्युलला, म्हणजे निर्वासितांना मदत करणाऱ्या स्थानिक गटाला जाऊन भेटा, श्वाबियातल्या, म्हणजे आमच्या या भागातल्या बहुतेक गावांत असा एक तरी गट असतो. नाहीतर युवा संस्था किंवा आल्पाइन क्लबची स्थानिक शाखा. त्यांच्यामार्फत गेलात की विमा त्यांचा लागू होतो, तो खरंच होतो का ते मात्र लेखी विचारून घ्या.

मग एरवायटर्टेस फ्युरुंग्सत्सॉयग्निस, मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठीचं विस्तारित चारित्र्य प्रमाणपत्र. संस्थेचं पत्र घेऊन ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक कार्यालयात अर्ज करायचा, स्वयंसेवकाला फी लागत नाही. कुणी म्हणालं की राहू दे, आपण ओळखतो ना तुम्हाला, तर ती संस्थाच सोडा. जी संस्था तुमचं हे तपासत नाही ती बाकीच्यांचंही तपासत नसणार.

प्रथमोपचाराचा कोर्स ४५ मिनिटांच्या ९ तासिकांचा, एका दिवसात होतो. करा.

पालकांची लेखी परवानगी, त्यांच्या भाषेत, आणि तोंडी समजावून. एकटं आलेलं अल्पवयीन मूल असेल तर सही फोरमुंडची, म्हणजे कायदेशीर पालकाची, तो बऱ्याचदा युगेंडआम्टचा, म्हणजे बालकल्याण खात्याचा माणूस असतो आणि त्याच्याकडे अशी बरीच मुलं असतात, त्यामुळे सही यायला वेळ लागतो, आज मागितली आणि उद्या निघालो असं होत नाही. परवानगीच्या कागदावर तीन ओळी वेगळ्या ठेवा: पाण्याजवळ न्यायला हरकत आहे का, गोचीड काढायची परवानगी आहे का, फोटो चालतील का. फोटोचं उत्तर काहीही आलं तरी मी काढत नाही. काही कुटुंबं अजून कुणापासून तरी लपून आहेत आणि तुमच्या ग्रुपवरचा आनंदी फोटो कुठे कुठे फिरेल याचा भरवसा नाही.

अजून एक, हे नवीन लोक हमखास विसरतात. आश्रयाचा अर्ज केल्यावर सुरुवातीच्या काळात, साधारण पहिले तीन महिने, माणसाला ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर जायला परवानगी लागते. आपल्याला वाटतं पलीकडचा डोंगर म्हणजे काय, अर्ध्या तासावर तर आहे, पण ती हद्द ओलांडली तर त्रास त्या कुटुंबाला होतो, आपल्याला नाही. म्हणून जागा ठरवायच्या आधी छावणीतल्या सोशलवाल्या बाईंना, म्हणजे समाजसेविकेला विचारायचं.

पायरी ३: जागा एकच, आणि ती आधी एकट्याने बघून यायची

दर वेळी नवीन ठिकाण ही आपली हौस. पोरांना तेच ठिकाण लागतं. आम्ही सहा-सहा शनिवार एकाच रानात जातो, त्याच झाडाखाली पिशव्या ठेवतो. तिसऱ्या शनिवारी पोरं आपणहून पुढे पळतात कारण वळणापलीकडे काय आहे ते त्यांना माहीत असतं, आणि तुम्हाला वाटेल यात कसलं आलंय साहस, पण ज्या मुलाची दोन वर्षांत पाच ठिकाणं बदललीत त्याला वळणापलीकडचं माहीत असणं ही साधी गोष्ट नाही.

बघायला जाल तेव्हा आपले डोळे घरी ठेवून जा. मचाणं कुठे आहेत. गुरांच्या कुंपणाला काटेरी तार आहे का. जवळ गोळीबाराचं मैदान आहे का, इथल्या बऱ्याच गावांत नेमबाजांचा क्लब असतो. शरद ऋतूपासून जानेवारीपर्यंत हाकाऱ्याच्या शिकारी असतात, त्या दिवशी रानात बंदुकांचे बार ऐकू येतात, तारीख वनखात्याकडे किंवा गावच्या पत्रकात मिळते. सप्टेंबरचा दुसरा गुरुवार हा देशभर भोंग्यांची चाचणी करायचा दिवस असतो, आणि काही गावं शनिवारीही भोंगा वाजवून बघतात. एकदा आमच्या डोक्यावरून रुग्णवाहिकेचं हेलिकॉप्टर खाली आलं आणि दोघी युक्रेनियन बहिणी बाकाखाली गेल्या. ते टाळता येत नाही, पण जवळ हॉस्पिटलचा हेलिपॅड आहे एवढं माहीत असतं तर मी आधी सांगून तरी ठेवलं असतं.

मोकळी जागा थोडी, आडोसा थोडा, दोन्ही हवं. बाहेर पडायच्या किमान दोन वाटा. फोनला रेंज. वाटेवर रेटुंग्सपुंक्टची पाटी, म्हणजे नंबर लिहिलेली मदतीची जागा, ११२ ला फोन केला की तो नंबर सांगायचा आणि ॲम्ब्युलन्स नेमकी तिथे येते. शेकोटी करायची तर फक्त नेमून दिलेल्या जागी, आमच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात रानात आणि रानापासून १०० मीटरच्या आत दुसरीकडे आग पेटवता येत नाही, आणि उन्हाळ्यात वणव्याचा धोका वाढला की तिथलीही बंद असते.

गुहा नको. आल्बमध्ये एकाहून एक गुहा आहेत, मोह होतो, पण नको.

पायरी ४: पोरं किती आणि मोजायची कशी

आठ पोरं, तीन मोठी माणसं, त्यातली एक बाई असलीच पाहिजे आणि एकजण मुलांची भाषा बोलणारा. एखाद्या मोठ्या मुलाला जर्मन छान येतं म्हणून त्याला दुभाषा करू नका. तो स्वतः खेळायला आलाय, आणि दुसऱ्याचं दुःख त्याच्या तोंडून वदवून घेणं बरोबर नाही.

भाषेत आपल्या लोकांना एक फायदा आहे बघा. जी अफगाण कुटुंबं पाकिस्तानात राहून आलीत त्यांच्या पोरांना उर्दू येतं, बाकीच्यांना हिंदी सिनेमामुळे थोडंफार, त्यामुळे आपली मोडकी बंबैया हिंदी तिथे सोन्याची होते. मला सगळी खाला म्हणतात. अफगाणांच्या दरी भाषेतही जंगल म्हणजे जंगल आणि गरम म्हणजे गरम. अरबी पोरांना साबण कळतो, हवा कळते, आणि खलास तर काय, डबा रिकामा दाखवून खलास म्हटलं की सगळे हसतात. एक पोरगं मला म्हणालं, तुम्ही अरबी चुकीचं बोलता. म्हटलं बाबा, मी मराठी बोलतेय.

मोजणीचं मात्र मनावर घ्या. शिट्टी मारून, रांग लावून, एक-दोन-तीन म्हणायला लावणं आपल्याला शाळेपासून नॉर्मल वाटतं. यांनी रांगा फार वेगळ्या बघितल्यात. २०१५ च्या सप्टेंबरात चेक पोलिसांनी निर्वासितांच्या हातावर मार्करने नंबर लिहिले होते, लहान पोरांच्यासुद्धा, ते फोटो बघून इथल्या लोकांच्या अंगावर काटा आला होता. तेव्हा नंबरची पट्टी नाही, हातावर फोन नंबर लिहिणं नाही, शिट्टी नाही. आमच्याकडे लाकडाच्या चकत्या आहेत, फांदी आडवी कापून केलेल्या, भोक पाडून सुतळी ओवलेली. प्रत्येकाने पहिल्या दिवशी आपल्या चकतीवर आपलं चिन्ह काढायचं, कुणी मासा काढतं, कुणी ट्रॅक्टर, एकीने नुसतं काळं रंगवून ठेवलंय. आल्यावर झाडाच्या फांदीला अडकवायची, निघताना काढून घ्यायची. फांदीवर चकती राहिली म्हणजे कुणीतरी मागे आहे.

पायरी ५: पहिला शनिवार

पहिल्या दिवशी काही करायचं नाही. खरंच. जायचं, खायचं, यायचं.

आदल्या आठवड्यात छावणीत जाऊन पोरांना आणि आयांना मोबाईलवर त्या जागेचे फोटो दाखवा, हे स्टेशन, ही वाट, हे झाड, इथे संडास, या गाडीने परत, सव्वाचारला तुम्ही घरी. आणि सव्वाचार म्हणजे सव्वाचार. वीस मिनिटं उशीर झाला तर आपण सॉरी म्हणतो, तिकडे गेटवर उभ्या आईची त्या वीस मिनिटांत काय अवस्था होते ते मी बघितलंय.

ट्रेनमध्ये तिकीट तपासनीस येणार, युनिफॉर्ममध्ये, आणि ओळखपत्र मागू शकतो. हे आधी सांगायचं, सगळी तिकिटं एकाने हातात धरून डब्याच्या दाराशी बसायचं म्हणजे तो आधी आपल्याशी बोलतो. कुत्रीही येतील. सरहद्दीवर पोलिसांची कुत्री बघितलेल्या पोराला हा चावत नाही हो म्हणून उपयोग नसतो. मी पुढे होऊन मालकाला पट्टा आखूड धरायला सांगते, जर्मन लोक कुत्र्याच्या बाबतीत जरा हळवे असतात पण कारण सांगितलं की ऐकतात.

निघताना प्रत्येकाला एक काम द्या. पाण्याची कॅन, नकाशा, प्रथमोपचाराची पिशवी. आणि वाटेत दोन ठिकाणं ठरवा जिथे थांबून विचारायचं, पुढे की मागे? आणि कुणी एकाने जरी मागे म्हटलं तर एक मोठं माणूस त्याच्यासोबत मागे जाणार, चेहरा न पाडता. सुरुवातीला पोरं मुद्दाम परीक्षा घेतात. बाद उराखच्या धबधब्याला जाताना (३७ मीटर, स्टेशनपासून सोपी वाट) एका मुलाने लागोपाठ तीन शनिवार अर्ध्यातून मागे फिरवलं, मी तीनदा त्याच्यासोबत स्टेशनवर येऊन बसले, चौथ्या वेळी तो सगळ्यांच्या पुढे होता. तो धबधबा मी अजून त्याच्याइतका मन लावून बघितलेला नाही.

पायरी ६: काय करायचं, काय नाही

डोळ्यांवर पट्टी बांधून जोडीदाराच्या भरवशावर चालायचा खेळ तुम्ही कॅम्पमध्ये खेळला असाल. मी पण तो दुसऱ्याच वर्षी घेतला, विश्वास वाढतो म्हणे. तेरा वर्षांची एक अफगाण मुलगी दोन पावलं चालली, पट्टी ओरबाडून काढली आणि झाडामागे जाऊन उलटी केली. दिवसभर ती कुणाशी बोलली नाही आणि तो अख्खा दिवस माझ्यामुळे गेला. तेव्हापासून डोळे बांधणं, हातपाय बांधणं, लपाछपी, पकडापकडीत दोन टोळ्या करणं, फुगे फोडणं, सगळं बंद.

चालतं काय? हाताला काम असलेलं सगळं. लाकडं गोळा करणं, ओंडके रचून झोपडी (दार मोठं ठेवा आणि मागून पण उघडं), ओढ्यात बांध घालणं, गाठी मारणं. लगोरी तर हमखास. आल्बचा चुनखडीचा दगड असा चपटा निघतो की लगोरीसाठीच बनलाय, आणि एक सीरियन पोरगी म्हणाली हे तर आमचं सात दगड. ऑक्टोबरात कापणी झालेल्या शेतात पतंग. अफगाण मुलांनी माझा दोरा बोटावर घासून बघितला आणि तोंडं वाकडी केली, काच कुठंय? तालिबानने पूर्वी बंदी घातलेला खेळ आहे हा त्यांच्याकडे, त्यांच्या बापांनी चोरून खेळलेला, आणि मी त्यांना मांजा नसलेला पतंग देतेय.

आता तुमचा दोर. गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन झाडांत बांधलेला पट्टा, त्यावर तोल सांभाळत चालणं, एवढं कुणीही करू शकतं. खरं प्रस्तरारोहण मात्र प्रमाणपत्र असलेल्या ट्रेनरनेच घ्यायचं, आणि त्यालाही एक सांगा, चढायच्या आधी उतरायला शिकव. हार्नेसमध्ये लटकलेलं पोर स्वतःहून खाली येऊ शकत नाही, दोर दुसऱ्याच्या हातात असतो, आणि नेमकी हीच असहायता त्याला ओळखीची असते. आमचा ट्रेनर पहिला तास फक्त दीड मीटरवर घेतो, मूल खाली म्हणालं की त्या सेकंदाला खाली, अजून थोडं जमेल तुला, चल चल, असलं काहीही न म्हणता. आपल्याकडचं ते खालून ओरडून चढवणं इथे चालत नाही.

पाणी: बोटीतून आलेली पोरं ओढ्यात पाय घालायलाही तयार नसतात, आणि उलट काहीजण पोहता येत नसताना सरळ उडी मारतात. ट्रेनर आणि परवानगीशिवाय तळं नाही. आधी जलतरण तलावात झेपफेर्डखेन होऊ दे, म्हणजे काठावरून उडी, २५ मीटर पोहणं आणि खांद्याएवढ्या पाण्यातून रिंग काढणं, आणि ते झालं म्हणजे पोहता आलं असंही समजू नका.

रात्रीचा मुक्काम पहिल्या सहा महिन्यांत नाही. नंतरही आईवडलांसकट, तंबूला चेन उघडी, बाहेर एक दिवा रात्रभर.

पायरी ७: पोर गोठलं तर

कधी ना कधी होणारच. मूल एकटक बघत राहतं, हाक मारली तरी ऐकत नाही, किंवा अचानक मारायला धावतं. हात लावू नका, मिठीत घेऊ नका, हे आपल्याला सगळ्यात अवघड. बाकीच्यांना दुसऱ्याने पुढे न्यायचं. तुम्ही थोडं लांब, जरा तिरकं, त्याच्या उंचीला खाली बसायचं आणि शांतपणे सांगत राहायचं, मी खाला, आज शनिवार आहे, आपण उराखच्या रानात आहोत, तुझी आई घरी आहे, सव्वाचारला आपण जाणार आहोत. रानाचा इथे मोठा फायदा, गार दगड आहे, ओल आहे, झाडाची खरखरीत साल आहे. दगड त्याच्यापुढे ठेवायचा, हातात कोंबायचा नाही. उचलला की विचारायचं गार आहे का, वरून काय दिसतंय, किती पक्षी. बहुतेक वेळा दहा मिनिटांत श्वास खाली येतो. त्यानंतर पाणी, काहीतरी खायला, आणि काय झालं होतं हे विचारायचं नाही.

घरी सोडताना आईला आणि सोशलवाल्या बाईंना सांगायचं, लपवायचं नाही, आणि त्याच रात्री चार ओळी लिहून ठेवायच्या. जागतिक आरोग्य संघटनेचं २०११ चं मानसिक प्रथमोपचाराचं पुस्तक आहे, त्याचं सार तीन शब्दांत आहे, बघा, ऐका, जोडून द्या. यातलं तिसरं म्हणजे योग्य माणसापर्यंत पोचवणं. तेच आपलं काम. स्वतःला इजा करण्याबद्दल कुणी बोललं तर त्याच दिवशी फोन, सोमवारची वाट बघायची नाही.

खाणं

याला पायरी म्हणत नाही पण निम्मा दिवस यावर टिकतो. जर्मन शेकोटी म्हणजे डुकराचे सॉसेज, ते नाहीत. गमी अस्वलं आणि मार्शमेलो आणताना पाकीट वाचा, जिलेटिन बऱ्याचदा डुकराचं असतं, मी एकदा पूर्ण पिशवी उघडून वाटायला लागले आणि मोठ्या मुलाने शांतपणे पाकिटामागची बारीक अक्षरं माझ्यासमोर धरली. रमझानात मोठी मुलं उपाशी असतील, तेव्हा चढ नको. श्टोकब्रोट मात्र सगळ्यांना आवडतं, काठीला कणीक गुंडाळून विस्तवावर भाजायची. त्या पट्टी ओरबाडलेल्या मुलीने एकदा ती काठी बाजूला ठेवली, कणकेचा गोळा घेतला, दोन तळव्यांत थापत थापत पातळ केला आणि सपाट दगड निखाऱ्यावर ठेवून त्यावर टाकला. मी पण दुसरा गोळा घेतला, भाकरी थापतो तसा. तिने माझ्या हातांकडे बघितलं, माझी भाकरी फाटलेली बघितली, आणि पहिल्यांदा हसली. पीठ जास्तच घेऊन जा.

परत आल्यावर गोचीड बघायची. श्वाबियात गोचिडीतून मेंदूज्वर पसरतो, त्याची लस असते, स्वतः घ्या आणि पालकांना डॉक्टरला विचारायला सांगा. पोरांचं अंग आपण तपासायचं नाही, आयांना चित्र दाखवून सांगायचं कुठे कुठे बघायचं.

जे शेवटी होतं ते

एखाद्या शनिवारी एक पोर येणार नाही. विचारलं तर कळेल की कुटुंबाला दुसऱ्या गावात हलवलंय, मंगळवारी कळवलं, गुरुवारी गाडी आली. किंवा त्याहून वाईट. हे गृहीत धरूनच आम्ही प्रत्येक शनिवार पूर्ण करतो, पुढच्या वेळी करूया म्हणून काही अर्धवट ठेवत नाही, झोपडी त्याच दिवशी उभी करायची आणि त्याच दिवशी मोडायची, आणि प्रत्येकाला नाव घेऊन निरोप द्यायचा. पुढच्या आठवड्यात नक्की भेटू असं म्हणायचं नाही, मी शनिवारी दहाला स्टेशनवर असेन, एवढंच म्हणायचं, कारण तेवढंच आपल्या हातात आहे.

बाकीच्या पोरांना खरं सांगायचं. ती विचारतातच, पहिल्यांदा चकत्यांच्या डब्याकडे बघतात. न आलेल्याची चकती आम्ही त्या दिवशी पण फांदीला अडकवतो, निघताना काढून पाकिटात घालतो. नवीन पत्ता आपल्याला मिळत नाही, मिळूही नये, म्हणून पाकिटावर फक्त पहिलं नाव लिहून सोमवारी ते सोशलवाल्या बाईंच्या टेबलावर ठेवते, पुढे पाठवायचं त्या बघतात.